मदत हवी आहे: इंटर्नशिपवाल्यांना हेडमास्तर कसे वाटतात हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी गोव्यात फोंड्याला बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 16 आठवड्यांची इंटर्नशिप चालू आहे आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय शिकाऊ शिक्षकांना मुख्याध्यापक कसे वाटतात. हॅलिंजर यांची पीआयएमआरएस (मुख्याध्यापक शिकवण्याकडे किती लक्ष देतात ते मोजणारी) प्रश्नावली बघितली, 50 विधानं, पण ती शाळेत मुरलेल्या शिक्षकांसाठी, आम्हाला सर दिसतात ते प्रार्थनेला नि मस्टरवर सही करताना, बाकी आम्हाला काय कळणार?

दुसरी भानगड म्हणजे आमच्या हजेरीवर सही त्यांचीच, त्यामुळे शाळेत सगळ्या "सर एकदम चांगले" म्हणतात आणि कदंबाच्या बसमध्ये बसलो की खरं सुरू, पाठ बघायला येतो म्हणाले नि आलेच नाहीत, मागे नुसती खुर्ची मांडून ठेवलेली. सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेतल्या हेडमास्तर मॅडम मात्र पूर्ण तास बसल्या, नंतर चहा पाजून फळ्यावरचं अक्षर कुठे तिरकं जातंय तेसुद्धा दाखवलं म्हणे (अशा किती असतात देव जाणे).

तर इंटर्नशिप संपल्यावर, नावं न घालता मुलाखती घेतल्या तर चालेल का? की प्रश्नावलीच बरी? मराठीतली छोटी प्रश्नावली कोणी वापरली असेल तर प्लीज सांगा, गाईड सर आकडे पाहिजेत म्हणून अडून बसलेत.