खाद्य बदलताना इन्सुलिनची मात्राही पाहावी

मधुमेही बोक्याचे कोरडे, दाणेदार खाद्य बंद करून त्याला ओले, मांसप्रधान खाद्य द्यावे, पण इन्सुलिन आहे तेवढेच चालू ठेवावे, असा सल्ला एकाने दिला आहे. खाद्याबद्दलचा भाग योग्यच आहे; मात्र ‘इन्सुलिन आहे तेवढेच चालू ठेवा’ हे मला धोक्याचे वाटते. पिष्टमय पदार्थ कमी होताच इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू शकते आणि जुनीच मात्रा चालू राहिल्यास साखर एकाएकी खाली येते. आमची मांजर अशीच एका संध्याकाळी झोकांड्या खाऊ लागली. हिरड्यांना मध चोळून तिला दवाखान्यात नेईपर्यंत आमच्या तोंडचे पाणी पळाले होते. तेव्हापासून पशुवैद्यांना विचारूनच खाद्य हळूहळू बदलायचे आणि कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरवर तपासत राहायचे, असा नेम आम्ही ठेवला आहे. (दवाखान्यात भीतीनेही साखर चढते, त्यामुळे घरचा आकडा अधिक विश्वासार्ह.)

सिरिंजही नीट पाहून घ्यावी. आपल्याकडे लाल टोपणाची ४० युनिटची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची) आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची, अशा दोन्ही मिळतात. १०० युनिटचे ग्लार्जिन (इन्सुलिनचा एक प्रकार) चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर अडीचपट मात्रा जाते. बोक्याने जेवणाला तोंडच लावले नाही, तर नेहमीची मात्रा टोचण्यापूर्वी पशुवैद्यांना फोन करावा.