ला पाझला थेट विमानाने उतरावं का?

दक्षिणवारा:
बोलिव्हियातलं ला पाझ पाहून आलेल्यांची मतं दोन टोकांची असतात. काहींच्या मनातून ते शहर जात नाही. बाकीचे "धाप, डोकेदुखी, नुसते चढ" म्हणून हात झटकतात. या दुसऱ्या मताला शहरापेक्षा तिकीट जास्त जबाबदार आहे, असं मला ठामपणे वाटतं.

विमानतळ एल आल्तोच्या पठारावर सुमारे ४,०६० मीटरवर, तर शहराचा मध्यभाग ३,६०० च्या आसपास. कळसूबाई (१,६४६ मी.) एकावर एक दोनदा रचली तरी ला पाझ वरच राहतं. विमानतळावर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के प्राणवायू मिळतो. त्रास साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतो, म्हणून सकाळी उतरलेला माणूस दुपारभर उत्साहात गल्ल्या चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

आधी सांताक्रूझला (सुमारे ४०० मी.) उतरा, मग सुक्रेला (२,८०० मी.) दोन-तीन रात्री काढा, मगच ला पाझ. राज्यघटनेनुसार राजधानी सुक्रेच आहे, सरकार ला पाझमधून चालतं. म्हणजे वाटेत दुसरी राजधानीही होते.

घाटवाट:
साफ असहमत. आपली माणसं लेहला (३,५०० मी.) थेट विमानाने जातातच की. पंधरा दिवसांच्या सुट्टीतले तीन सुक्रेला दिले तर उयुनीचं मिठागर घाईत उरकावं लागेल. त्यापेक्षा मुक्काम सोना सूर भागात करा. तो शहराच्या तळाशी, ३,३०० च्या आसपास आहे. फिरायला तेलेफेरिको, म्हणजे २०१४ पासून चालणारा रोपवे. एल आल्तोहून पिवळ्या लाइनने खाली यायचं, लिबर्तादोर स्टेशनवर बदलून हिरव्या लाइनने इर्पावीपर्यंत. चढायचं कष्टच नाही, आणि आभाळ मोकळं असलं तर इलिमानी शिखर (६,४३८ मी.) समोर. लाइन बदलली की भाडं पुन्हा लागतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

दक्षिणवारा:
लेहचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे पहिले दोन दिवस विश्रांतीचे, हे सगळे पाळतात. ला पाझच्या कार्यक्रमात तेच दोन दिवस अख्खं शहर उरकायचे असतात. तेलेफेरिकोने पाय वाचतात, पण लाल लाइनने एल आल्तोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारात गेलात की परत ४,००० च्या वर पोचलात!

नाडीपरीक्षा:
"डायमॉक्स घेऊ आणि थेट उतरू" हा तिसरा मार्गही लोक धरतात, म्हणून लिहिते. असेटाझोलामाइडचा (डायमॉक्समधलं औषध) नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळीने शरीर लवकर रुळतं एवढंच, पहिल्या दिवसाची विश्रांती चुकत नाही.

चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. प्राणवायू आणि रुग्णालय, आणि लगेच खाली. इथेच ला पाझची खरी अडचण आहे. विमानतळ शहराच्या वर, आणि कोरोईको या खालच्या गावाकडे उतरणारा रस्ताही आधी ४,६०० मीटरहून उंच खिंड ओलांडतो. सहज उतरण फक्त सोना सूर आणि त्याखालच्या खोऱ्याकडे. म्हणून मुक्कामाच्या बाबतीत घाटवाट बरोबर, थेट उतरण्याच्या बाबतीत दक्षिणवारा.

पाटावरवंटा:
सोना सूरमध्ये राहून ला पाझ पाहिलं असं मी तरी म्हणणार नाही. सकाळ मध्यभागातच काढावी, कारण सालतेन्या दुपारपर्यंत संपतात. करंजीसारखा दिसणारा हा भाजलेला पदार्थ उभा धरून वरचं टोक चावायचं, आतला रस्सा आधी प्यायचा, मग बाकीचं. आडवा धरला तर रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. सारणात बहुधा मांस असतं. शाकाहाऱ्यांनी उमिंता मागावी, मक्याच्या सालात गुंडाळून शिजवलेला दाणे वाटून केलेला गोळा, चीज असतं.

घरून कपातले पोहे-उपमा नेणाऱ्यांसाठी: इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावरच्या वेळेत पोहे कडकच राहतात. दुप्पट वेळ झाकून ठेवा, कपाभोवती टॉवेल गुंडाळा.

घाटवाट:
बरं, पहिला दिवस पूर्ण रिकामा ठेवायचा हे मान्य. सुक्रे मात्र अजूनही नाही.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. बोलिव्हियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य होतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, ६ दिवसांपर्यंत. आणि कोकाची पानं तिथे चहात उघड मिळतात, पण आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. उरलेली पाकिटं तिथेच टाकून या.