उन्हाळ्यात माज दिसतच नाही, आणि दिसला तरी गाय उलटते

प्रश्न (गोठेवाली, संगमनेर):
आमच्याकडे दहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि सासऱ्यांच्या वेळेपासूनची एक देशी गीर गाय आहे. माझी चंद्री तिसऱ्या वेताची, जानेवारीत व्याली, दिवसाला २२ लिटर देते. मार्चमध्ये भरवली (रेतन करून घेतलं), २१ दिवसांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मे महिन्यात तर माजच नाही. सोट (माजाचा चिकट स्राव) नाही, हंबरणं नाही, फक्त एक दिवस दूध दोन लिटरनं घसरलं. डॉक्टरांनी हात घालून पाहिलं, म्हणाले गर्भाची पिशवी चांगली आहे. गीर एप्रिलमध्ये एकदाच भरवली, ती गाभण निघाली. भरवायला येणारे म्हणतात खुराक कमी पडतोय. पण खनिज मिश्रण मी रोज स्वतःच्या हातानं देते. उन्हानं खरंच एवढं होतं का? आता पाऊस पडलाय, चंद्रीला कधी भरवू?

उत्तर (दूध उत्पादक, राहाता):
ताई, पत्र्यावर उसाचं पाचट टाका आणि दुपारी पाणी मारून पंखे लावा. नुसतं पाणी मारलं आणि वारा नसला तर गोठा दमट होतो, गायी जास्तच धापा टाकतात.

उत्तर (पशुवैद्यक):
खुराकाला दोष देऊ नका. उन्हाचा ताण बसला की मेंदूकडून सुटणारं एलएच हे संप्रेरक कमी पडतं. मग बीजकोशावरचं फॉलिकल (ज्यात बीज वाढतं तो फोड) नीट पोसत नाही आणि इस्ट्रोजेन कमी बनवतं. गाय माजावर आल्याचं जे आपल्याला दिसतं, म्हणजे उड्या मारणं, दुसरीला चढू देणं, सोट टाकणं, ते सगळं इस्ट्रोजेनच्या जोरावर असतं. म्हणून माज मुका राहतो. चंद्रीचं एका दिवसाचं घसरलेलं दूध तोच माज असू शकतो. डॉक्टरांना पुढच्या वेळी विचारा, बीजकोशावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे होणारी गाठ) हाताला लागतोय का. लागला तर ती माजावर येऊन गेली, आपल्याला कळलं नाही एवढंच.

तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या वर गेला की एचएफला त्रास सुरू होतो, आणि २५ अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता एवढ्यातच तो ७२ ला पोचतो. ३८ अंशाच्या कोरड्या दुपारी तो ८० च्या पुढे असतो. त्यात भरपूर दूध देणाऱ्या गायीच्या पोटातली उष्णताही जास्त. गीरची सैल कातडी आणि घामाच्या ग्रंथी तिला सांभाळून घेतात, शिवाय झेबू, म्हणजे गीरसारख्या वशिंडाच्या, जातीचा कोवळा गर्भही उष्णता जास्त सोसतो. एचएफमध्ये भरवल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवसच गर्भाला सगळ्यात नाजूक असतात, म्हणून त्या दिवसांत गाय गार ठेवा.

पाऊस पडला म्हणून लगेच फरक दिसणार नाही. आज फुटणारं बीज मे महिन्याच्या उन्हात वाढलेलं आहे, त्यामुळे महिना-दीड महिना परिणाम रेंगाळतो. थांबायचं मात्र नाही, माज दिसला की भरवा. उन्हाळ्यात गायी बहुधा रात्री-पहाटे माज दाखवतात. माज दिसतच नसेल तर डॉक्टरांना वेळ ठरवून रेतन करण्याबद्दल विचारा. त्यात इंजेक्शनांनी बीज सुटायची वेळ बांधून घेतात, माज ओळखण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

गोठेवाली, संगमनेर:
डॉक्टर, मनापासून आभार. चार रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. काल पहाटे तीनला चंद्री उभी होती, शेजारची कालवड तिच्यावर चढत होती आणि ती जराही हलली नाही. दुपारी भरवून घेतली. आता पंखा तिच्याच दावणीवर आहे.