बीएएमएसनंतर एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र): एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करू की एमएससी? गणिताची भीती आहे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सॉरी.

मी बीएएमएस, वय २९, सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात एका उपकेंद्रावर चार वर्षं सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. सकाळी ओपीडी, बीपी-शुगरच्या गोळ्या, दुपारी ऑनलाइन एंट्र्या, रेंज मिळाली तर. पगार २५ हजार आणि वर १५ हजारांपर्यंत इन्सेन्टिव्ह, तो कधी पूर्ण येतो कधी नाही. मुलगी तीन वर्षांची, नवऱ्याची नोकरी कोल्हापुरात.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका वाडीत जुलाब-उलट्यांची लागण झाली, पाच दिवसांत ३८ पेशंट. मी, सिस्टर आणि आशाताई घरोघर फिरलो, ओआरएस वाटलं, लाइन लिस्ट केली, नाव, वय, कधीपासून त्रास, पाणी कुठलं. ३८ पैकी ३१ जण खालच्या विहिरीचं पाणी पिणारे. विहिरीची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) केली तर पिवळा रंग म्हणून आला नाही, म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर, पडलेलंच नाही. मला वाटलं सापडलं, आता रिपोर्ट लिहायचा की मोकळं. जिल्ह्याच्या टीममधून एक सर आले होते, त्यांनी लिस्ट चाळली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, जे आजारी पडले नाहीत ते कुठलं पाणी पितात?"

मी गप्पच. धडधाकट माणसाला काय विचारायचं असतं!

दुसऱ्या दिवशी परत सगळी वाडी फिरलो. खालच्या विहिरीवर एकूण १४० माणसं, त्यातली ३१ आजारी. वरच्या आळीत हातपंपावर १७५, त्यातली ७ आजारी. सरांनी आशाताईंच्या डायरीच्या मागच्या पानावर चार चौकटी आखून दाखवल्या, इकडे २२ टक्के, तिकडे ४ टक्के, म्हणजे साडेपाच पट. आणि मग म्हणाले आता ते सात जण बघा, त्यांचं पाणी तर हातपंपाचं. विचारत गेलो तर सातातले पाच जण त्याच आठवड्यात खालच्या आळीत तेराव्याच्या जेवणाला जाऊन आलेले. अंगावर काटाच आला. उरलेल्या दोघांचं काही कळलं नाही, ते अजून डोक्यात आहेत.

तेव्हापासून मला हेच शिकायचंय. पण नेटवर बघून गोंधळच वाढलाय. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, मुंबईत टिस या समाजविज्ञान संस्थेचा सोशल एपिडेमिऑलॉजीवाला एमपीएच, चेन्नईला एनआयई ही राष्ट्रीय साथरोग संस्था, वेल्लोरच्या सीएमसीत एमएससी एपिडेमिऑलॉजी, पुणे विद्यापीठाचा एमपीएच. यात नेमका फरक काय? बारावीला मी पीसीबी, गणित दहावीलाच सोडलं, लॉजिस्टिक रिग्रेशनचा एक व्हिडिओ लावला आणि सातव्या मिनिटाला बंद करून भांडी घासायला गेले. आणि दोन वर्षं शिकून परत ११ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरच यायचं असेल तर? सासरे म्हणतात आयुर्वेदातच एमडी कर, क्लिनिक टाक, माणसं मोजायची नोकरी कसली. त्यांना उत्तर देता येत नाही.

घाटमाथा: ताई, मी दंतवैद्य, एमपीएच करून आता एका प्रोजेक्टवर आहे. एमएससी म्हणजे पद्धतींचं शिक्षण, स्टडी डिझाइन आणि स्टॅट्स खोलवर. एमपीएचमध्ये ते असतंच पण सोबत आरोग्ययंत्रणा, पैसा, धोरण, कार्यक्रम कसे चालतात हेही येतं. तुम्हाला फील्डवर राहायचं असेल तर एमपीएच. श्री चित्राचा एमपीएच १९९७ पासूनचा, तिथे डेझर्टेशन (प्रबंध) फार गांभीर्याने करून घेतात. एनआयई आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, त्यामुळे साथीचा तपास, सर्व्हेलन्स (आजारांवर सतत नजर) याकडे कल जास्त. टिसचं वेगळं आहे, तिथे तुमच्या गोष्टीतला पुढचा प्रश्न विचारतील की खालच्या आळीत कोण राहतं आणि हातपंप वरच्याच आळीत का बसला. हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर टिस, आणि प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून आहे, तारखा चुकवू नका. बीएएमएस चालतं का ते मात्र प्रत्येक ठिकाणच्या यंदाच्या माहितीपत्रकातच बघा, ऐकीव माहितीवर फॉर्मचे पैसे घालवू नका, मी घालवलेत.

आकडेमोड्या: गणिताची भीती सोडा, चार चौकटी तुम्हाला कळल्यात म्हणजे अर्धं झालं. एक गृहपाठ देतो. तुम्ही काढलं ते रिलेटिव्ह रिस्क, ३१ भागिले १४० आणि ७ भागिले १७५. आता त्याच आकड्यांचे ऑड्स काढा, आजारीला एकूणाने नाही तर न आजारीने भागायचं, आणि उत्तर वेगळं का येतं ते शोधा. लॉजिस्टिक रिग्रेशन हे त्या ऑड्सचं लॉग घेऊन, वय-घर-पाणी सगळं एकदम तोलणं, बाकी काही नाही. लॉग तेवढं अकरावीच्या पुस्तकातून काढा. ओपनएपि ही असली गणितं करून देणारी साइट फुकट आहे, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे. व्हिडिओ नंतर. आणि ते पाच जेवणवाले वाचून मजा आली, १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात जॉन स्नोला अशीच एक विधवा बाई सापडली होती, राहायची लांब हॅम्पस्टेडला पण पाणी आवडतं म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं मागवायची. ती पण गेली कॉलऱ्याने. न बसणारी माणसंच खरं सांगून जातात.

बिनधास्त_बोलणारी: नोकरीचं खरं सांगते. जिल्हा साथरोगतज्ज्ञ म्हणून एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) जागा निघतात, मी पाहिलेल्या जाहिरातींत मेडिकल ग्रॅज्युएट आणि वर एमपीएच असं होतं, पण कॉन्ट्रॅक्टच. एनजीओ, रिसर्च प्रोजेक्ट, तिथेही प्रोजेक्ट संपला की शोधाशोध. सासऱ्यांना हे लपवू नका. पण मुलगी तीन वर्षांची आहे हे कारण धरून बसाल तर ती पाच वर्षांची होईल आणि मग शाळा येईल.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर वहीवर ऑड्स काढले. खाली ३१ ला १०९, वर ७ ला १६८, भागाकार ६.८ आला. रिस्क ५.५ आणि हे ६.८, आधी वाटलं चुकलं, तीनदा केलं. मग लक्षात आलं की खाली पाचातला एक आजारी आहे, आजार दुर्मिळ नाहीये, म्हणून ऑड्स फुगतात. बरोबर आहे का, आकडेमोड्या सर? आणि घाटमाथा, हातपंप वरच्या आळीत का बसला ते मला माहितीये, सगळ्या वाडीला माहितीये, रिपोर्टात त्याचा रकाना नव्हता. टिसचं माहितीपत्रक डाउनलोड केलंय. आता सीएचओचा बॉण्ड मध्येच सोडताना पैसे भरावे लागलेले कोणी इथे असेल तर प्लीज सांगा, ऑफिसात विचारलं तर बातमी दुपारपर्यंत तालुक्याला पोचेल.