सैन्य परत गेलं म्हणजे युद्ध संपत नाही

अमेरिकेने सैन्य काढून घेतलं की विषय संपला, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. व्हिएतनामशेजारच्या लाओसचं बघा ना. १९६२ च्या जिनिव्हा करारात तो देश तटस्थ ठरलेला, तरी व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६४ ते १९७३, अमेरिकेने तिथे २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले आणि तेही स्वतःच्या जनतेपासून लपवून. त्यात क्लस्टर बॉम्बमधले छोटे छोटे बॉम्ब जवळपास २७ कोटी, त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, ते अजून शेतात पडलेत, चेंडूएवढे दिसतात म्हणून पोरं उचलतात आणि हात जातो, डोळे जातात, जीव जातो. युद्ध संपल्यावर २० हजारांवर लोक असे मेले किंवा जखमी झालेत!! शेतकऱ्याने कुदळ मारायची तरी कशी? ओबामा २०१६ मध्ये तिकडे गेले, सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देतो म्हणाले, चांगलंच केलं, पण किती उशिरा. आणि क्लस्टर बॉम्ब बंदीच्या २००८ च्या करारावर अमेरिकेची सही आजही नाही (आपलीही नाही, याचंही मला वाईट वाटतं), उलट २०२३ मध्ये तेच बॉम्ब युक्रेनला दिले.