अनुभव धागा: नरलांडग्यांच्या गोष्टी कोणी वाचल्यात? कशा वाटल्या?

माडाखाली (वेंगुर्ला)
वाचनालयातून नरलांडग्यांच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसांच्या, जुन्या युरोपीय कथांचा संग्रह आणलाय. काल लाईट गेलेली, बॅटरीच्या उजेडात वाचत होते आणि सड्यावर कोल्हे ओरडायला लागले. एकदम आजी आठवली. तिन्हीसांजेला परसात जायला मी घाबरले की म्हणायची, "भियाव नको, राखणदार आपलोच आसा." रात्री गाव राखत फिरणारा तो राखणदार, तेवढ्यानं धीर यायचा.

या पुस्तकात असा धीर कुठे मिळत नाही. रात्री फिरणारा तो वैरीच, शेवटी त्याला मारायचं. अपवाद फक्त थीसचा, आणि तो तर खरा खटला आहे. १६९२, लिव्होनिया, म्हणजे आजच्या लाटव्हियाकडचा मुलूख. ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा न्यायाधीशांना सरळ सांगतो, होय, मी नरलांडगा आहे, पण आम्ही देवाचे कुत्रे. चेटक्यांनी पळवलेलं धान्य आम्ही नरकात जाऊन परत आणतो, नाहीतर पीक येणार नाही. त्याला फटके मारून हद्दपार केलं. गावानं आपल्याच राखणदाराला वेशीबाहेर हाकलावं तसं वाटलं मला. रात्रभर डोक्यातून गेला नाही तो. तुम्हाला कुठली गोष्ट लागली?

बंदरकर
रोमन शिपायाची!! पेट्रोनियस या जुन्या रोमन लेखकानं लिहिलेली. भर चांदण्यात थडग्यांपाशी कपडे काढतो, त्यांच्याभोवती गोल मुततो आणि लांडगा होऊन पळतो. सोबतचा माणूस कपडे उचलायला जातो तर त्यांचा दगड झालेला. पुढे कळतं की लांडगा मेंढरांत शिरला होता, गड्यानं मानेत भाला मारला. घरी येऊन बघतो तर शिपाई अंथरुणात, वैद्य मानेवर उपचार करतोय. संपली गोष्ट. एवढ्यात सगळं आलं. जाळी ओढायला जायचंय, बाकी रात्री लिहितो.

सोलापूरची लेक, राजापूरची सून
ताई, आमच्याकडे माळावर खरा लांडगा आहे, त्यामुळे मला हे पुस्तक वेगळंच लागलं. आजोबांची मेंढरं होती. लांडगा रात्री जाळीच्या वाड्याभोवती फिरायचा, आवाज अजिबात नाही, कुत्री तेवढी गुरगुरायची. सकाळी एक कोकरू कमी. आजोबा शिव्या द्यायचे आणि मग म्हणायचे, त्याचीबी पोरं हायती. या लेखकांपैकी बहुतेकांनी लांडगा जवळून पाहिलाच नसावा असं वाटतं, नुसते सुळे आणि लाळ. इकडे कोकणात लांडगा नाही, बिबट्या आणि कोल्हा.

चाकरमानी
कोल्ह्यांवरून आठवलं, यंदा आमच्या मळ्यातली अर्धी कलिंगडं कोल्ह्यांनी फोडली. पिकलेलं बरोबर ओळखतात. काकांनी डबे बांधले, काही उपयोग नाही. कोणाकडे उपाय आहे का?

सड्यावरची
@चाकरमानी रात्री कंदील ठेवून बघा. आमच्याकडे थोडा फरक पडला.
@माडाखाली थीसबद्दल अगदी पटलं. तुमच्या जवळच आरवलीचा राखणदार देव वेतोबा. त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. मी तळ झिजलेली चप्पल जवळून पाहिली आहे आणि अंगावर काटा आला होता, भीतीचा नव्हे. रात्री फिरणाऱ्याला आपण केळ्यांचा घड देतो, गाऱ्हाणं घालतो. त्या लोकांना त्याच्याशी बोलावंसंच वाटलं नाही, याचं वाईट वाटतं.

कुळीथपिठी
मला पेटर स्टुम्पचं प्रकरण वाचवलं नाही. जर्मनीत १५८९ साली नरलांडगा ठरवून हाल हाल करून मारलं, सोबत त्याच्या मुलीलाही. कबुली यातना देऊन घेतलेली. संग्रहात त्याच्यावरची कथा भयकथा म्हणून छापलीय, मला ती एका बापलेकीची हत्या वाटते. आपल्याकडेही बायकांना भुताळी ठरवून मारलं आहेच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला. राखणदाराचं सगळं मान्य, पण तोच गाव कुणाला चेटकीण म्हणायला लागला की राखणदार कुठे असतो?

माडाखाली
@कुळीथपिठी हो गं. थीसलाही म्हणूनच हाकलला असणार, तो त्यांच्या चौकटीत बसेना. तुझा प्रश्न खरा आहे, माझ्याकडे उत्तर नाही.

गुहागरी
आमचे बाबा शिमग्यात संकासुर व्हायचे. काळा वेश, कमरेला घुंगरं. ओटीवर बसून तयार होताना आम्हा पोरांशी बोलायचे, पण मुखवटा चढला की एक शब्द नाही. मला तेव्हा खरंच वाटायचं हे बाबा नाहीत. आई मात्र त्यांच्या पायांकडे बघून चहा द्यायची, पायावर विळ्याची जुनी खूण होती. शिपायाच्या मानेवरची जखम वाचली आणि थेट ती खूण दिसली. बाबा गेल्यापासून आमच्याकडे संकासुर कोणी होत नाही.

बंदरकर
@गुहागरी दादा, वाचून गलबललो. पोरांपैकी कोणाला तरी शिकवा.
जाळ्यात आज फक्त बांगडा.

चाकरमानी
गणपतीची तिकिटं मिळाली का कोणाला? आमची वेटिंगला.

सोलापूरची लेक, राजापूरची सून
@चाकरमानी रात्रीची एसटी बघा.
@माडाखाली ताई, पुस्तक परत करायच्या आधी मला द्याल का? नवरा शुक्रवारी वेंगुर्ल्याला येतोय.

माडाखाली
पाठव त्याला. थीसचं पान दुमडून ठेवते.