‘सरकारी लोकांना दवाखाना फुकट, वर गटविमा कशाला?’ याला उत्तर

झेडपी_गुरुजी: काल इथे एकाने लिहिलं की सरकारी नोकरांना उपचार फुकटच आहेत, आता कॅशलेस विम्याचं नवं खूळ. फुकट? गेल्या फेब्रुवारीत मला अटॅक आला. अँजिओप्लास्टीचे 1 लाख 90 हजार पतसंस्थेतून काढले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. खर्च परत मिळावा म्हणून ऑफिसात दिलेल्या बिलाला पहिली त्रुटी: डिस्चार्ज कार्डावरचा शिक्का पुसट. दुसरी: औषधाच्या एका पावतीवर आडनाव चुकलंय. मग सिव्हिलला पडताळणी, मग ‘अनुदान नाही’. अकरा महिने झाले. व्याज कोण देणार?

लेखाशाखा: मी अशीच बिलं तपासतो. उपचाराचा खर्च परत देण्याचे राज्याचे 1961 चे नियम आहेत, 2005 चा जीआर (शासन निर्णय) आहे. त्या जीआरमधल्या 27 आकस्मिक किंवा 5 गंभीर आजारांत बसलं की पैसे मिळतात, उशिरा का होईना. विमा कंपनी मर्यादेवर बोट ठेवणार. केरळात 2022 ला मेडिसेप, म्हणजे तिथल्या सरकारी नोकरांचा आरोग्य विमा, आला तेव्हा महिन्याला 500 कापून मूळ कव्हर 3 लाख. लांबलेल्या दुखण्याला ते पुरतात?

झेडपी_गुरुजी: उशिरा का होईना? अटॅक थांबतो का तुमच्या अनुदानासाठी?

सिस्टर_नाईटड्यूटी: विषय निघालाच आहे तर बोलते. उपचाराचा खर्च मिळायला कुटुंबात कोण, तर आम्हा नोकरदार बायकांना आई-वडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी निवडायची. लग्नानंतर मी सासू-सासरे लिहून दिले, घरात तसंच ठरलं. आज आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी एकुलती एक.

तलाठी_आप्पा: मॅडम, पुरुषांना तरी सासू-सासरे कुठे धरता येतात? आणि धागा विम्याचा आहे.

सिस्टर_नाईटड्यूटी: तुम्हाला तुमची आई सोडून द्या असं कुणी म्हटलं का, आप्पा? माझ्यापुढे फॉर्म ठेवला तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या. काय लिहिणार होते मी? आणि विषय विम्याचाच आहे. उद्या योजना आली तर कुटुंबाची व्याख्या हीच उचलतील.

तलाठी_आप्पा: आवाज चढवू नका. नियम मी केला नाही.

झेडपी_गुरुजी: आप्पा, आईचं डायलिसिस चाललंय त्यांच्या. जरा जपून बोला.

लेखाशाखा: सिस्टर म्हणतात ते खरं आहे, व्याख्या आधी बदलायला हवी. पुसट शिक्क्यावरून मीही बिलं परत पाठवलीत, तेही कबूल. गुरुजी, बिलाचा आवक क्रमांक खाजगी निरोपात टाका, कुठल्या टेबलावर अडलंय ते विचारतो. विम्याला माझा विरोध मात्र कायम.